वेध लागणे आणि वेध घेणे

'वेध' या शब्दाची मराठीत दोन क्रियापदांशी सोयरीक आहे. वेध लागतात आणि वेध घेतला जातो. धातू दोन्हीकडे एकच, 'व्यध्', म्हणजे भेदणे. बाणाने लक्ष्य भेदावे तसे नजरेने आकाशातल्या ज्योतीला भेदून तिची जागा निश्चित करणे हा 'वेध घेणे'चा ज्योतिषशास्त्रातला अर्थ. वेधशाळा हा शब्द त्यातूनच आला. 'वेध लागणे' हे ग्रहणाआधीच्या त्या प्रहरांविषयी बोलले जाते, ज्यांत खायचे नाही, शिजवायचे नाही, देवाला शिवायचे नाही. पुढे लक्षणेने निवडणुकीचेही वेध लागू लागले, दिवाळीचेही. व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर 'वेध घेणे'मध्ये माणूस कर्ता आहे. 'वेध लागणे'मध्ये माणसाला काहीतरी लागते आणि तो ते निमूट सोसतो. माझा आरोप असा आहे की शिकलेल्या मराठी माणसाने, आणि त्यातही मराठी शिकवून पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींनी, यातले पहिले क्रियापद सोडून दिले आणि दुसरे तेवढे जिवापाड जपले.

आरोप मोघम राहू नये म्हणून एका रात्रीपुरतेच बोलते. २८ ऑक्टोबर २०२३, शनिवार. आश्विन पौर्णिमा, म्हणजे कोजागरी. त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते आणि ते साऱ्या भारतातून दिसणार होते. स्पर्श एक वाजून पाच मिनिटांनी, मध्य एक चव्वेचाळीसला, मोक्ष दोन तेवीसला. बिंबाच्या व्यासाचा जेमतेम बारा टक्के भाग पृथ्वीच्या गडद छायेत जायचा होता. मोठे ग्रहण नव्हे. पण ते पाहायला दुर्बीण लागत नव्हती, काळा चष्मा लागत नव्हता, वेधशाळेचे तिकीट लागत नव्हते. सूर्यग्रहणात डोळ्यांना असतो तसा कसलाही धोका नव्हता. आमच्या मोडनिंबसारख्या गावात, जिथे महामार्गाचे दिवे सोडले तर रात्री अजून बऱ्यापैकी अंधार पडतो, तिथे कोणाच्याही गच्चीवरून, माळवदावरून, अगदी अंगणातल्या बाजेवरूनही ते दिसणार होते. चंद्र माथ्यावरून किंचित पश्चिमेकडे कललेला, त्याच्या जवळच ठळक पिवळसर गुरू, आणि परतीचा पाऊस सरल्यावर असते तसे धुतलेले आभाळ. निसर्गाने याहून जास्त काय करायला हवे होते, मला कळत नाही.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. साडेअकरानंतर चंद्र विरळ छायेत शिरू लागला, तेव्हा काहीही दिसत नव्हते. तेवढ्यावर 'काही नाही, उगीच' असे म्हणून खाली उतरलेलेही असतील. साडेबारानंतर दक्षिणेकडची कड जरा मळकट झाली, पांढऱ्या धोतराला धूळ लागावी तशी. एकनंतर तिथे काजळीचा एक उथळ घास दिसू लागला. तांबडा नव्हे. उरलेले बिंब इतके लखलखीत होते की छायेतली तांबूस झाक डोळ्यांना जाणवणेच शक्य नव्हते. 'रक्तचंद्र' छापणाऱ्यांनी आकाश न पाहताच छापले होते. पाहण्यासारखी होती ती त्या घासाची कड. ती सरळ नव्हती, चंद्राच्या स्वतःच्या वळणाचीही नव्हती. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद छाया चंद्रबिंबाच्या अडीचपटीहून अधिक रुंद असते. म्हणून ती कड एका फार मोठ्या वर्तुळाचा तुकडा वाटत होती. पृथ्वी गोल आहे हे सांगताना ॲरिस्टॉटलने जे पुरावे दिले त्यांत हीच कड आहे. आपण ज्यावर उभे आहोत त्या गोळ्याचा काठ, म्हणजे पंढरपूर, मोडनिंब, टेंभुर्णी, सोलापूर सगळे ज्यावर वसले आहे त्याचा काठ, चंद्रावर पडलेला पाहायला मिळतो. आरशाशिवाय स्वतःचा चेहरा दिसण्याचा हा प्रकार आहे.

आणि त्या रात्री गाव काय करत होते? खिडक्या लावून झोपले होते. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी लागतात, म्हणजे त्या शनिवारी दुपारीच ते लागले. आटवलेल्या दुधाचे काय करायचे हा एकच प्रश्न दिवसभर घराघरांत, फोनवर आणि आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत चर्चेला होता. कोणी दूध संध्याकाळीच उरकले, कोणी त्यात तुळशीपत्र टाकले, कोणी कोजागरी दुसऱ्या दिवसावर ढकलली. 'को जागर्ति', कोण जागे आहे, असे लक्ष्मी विचारत फिरते अशी ज्या रात्रीची कथा, वर्षातून जिथे जागे राहणे हेच पुण्य, नेमकी तीच रात्र आम्ही दारे लावून झोपण्यात घालवली. विनोद म्हणून हे कोणी लिहिले असते तर फार ओढूनताणून केलेला विनोद म्हणून मी तो विद्यार्थ्याच्या वहीत खोडला असता.

दोनच महिन्यांपूर्वी, २३ ऑगस्टला, चांद्रयान-३ चंद्रावर उतरले होते. तेव्हा याच महाविद्यालयीन खोल्यांत पेढे वाटले गेले, पडद्यावर प्रक्षेपण दाखवले गेले, भाषणे झाली. यान दक्षिण ध्रुवाकडच्या ज्या प्रदेशात उतरले, तो प्रदेश चंद्राच्या त्याच दक्षिण कडेला आहे जी कोजागरीच्या रात्री छायेत गेली. विक्रम निपचित पडला आहे तिथे पृथ्वीची सावली पडलेली आपल्या छपरावरून दिसत होती. पण पेढे खाणाऱ्यांना ते पाहायचे नव्हते, कारण वेध होते.

येथे माझ्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: 'तुमचे सगळे खापर पंचांगावर.' अजिबात नाही. पंचांगाविषयी मला आदर आहे, आणि तो सोलापूर जिल्ह्यात राहते म्हणून नव्हे, जरी दाते पंचांग आमच्याच सोलापुरातून निघते. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. खग्रास, खंडग्रास, छायाकल्प. ग्रासमान, पर्वकाल ही परिभाषा पाहा. कोणत्याही भाषेने हेवा करावा इतकी नेमकी, इतकी सुंदर. आणि ती ज्या गणितावर उभी आहे ते गणित राहूकेतूंनी केलेले नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये स्पष्ट सांगितले की चंद्राला झाकते ती पृथ्वीची छाया. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' रचले, ज्यात ज्या वापरण्याची कटकटच काढून टाकली, आणि नंतर कित्येक शतके महाराष्ट्रातल्या जोश्यांनी त्यावरून ग्रहणे वर्तवली. ग्रहण जमले नाही, की पंचांगकर्त्याची सर्वांसमक्ष फजिती होत असे. कारण चंद्र सगळ्यांना दिसतो. म्हणूनच केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ पासून नव्या युरोपीय कोष्टकांच्या आधारे पंचांग काढले. एवढा सगळा खटाटोप कशासाठी होता? गणित आणि आकाश जुळते की नाही हे डोळ्यांनी ताडून पाहण्यासाठी. याला दृक्प्रत्यय म्हणतात. पंचांगातल्या ग्रहणाच्या पानावर वरच्या ओळीत मिनिटांपर्यंत अचूक वेळा असतात आणि खालच्या ओळीत कोणत्या राशीला शुभ, कोणाला अशुभ. वरची ओळ आकाशाला जबाबदार आहे, खालची कोणालाच जबाबदार नाही. आम्ही वरच्या ओळीवरून फक्त जेवणाची वेळ काढतो आणि खालची ओळ मोठ्याने वाचतो. दोष पंचांगाचा नाही, वाचकाचा आहे. आणि वाचक घडवणे हे तर आमचे कामच.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. माझ्या माहितीतल्या एका घरात, घर कोणाचे ते महत्त्वाचे नाही, त्या शनिवारी आठवा महिना लागलेल्या सुनेला दुपारपासून एका खोलीत बसवले होते. कात्री नाही, विळी नाही, सुई नाही, पाय आखडायचे नाहीत, आणि रात्र चढल्यावर पाणीही नाही. सासू शिकलेली, सासरे निवृत्त शिक्षक, नवरा अभियंता. कारण सगळ्यांना ठाऊक आहे: ग्रहणात काही चिरले तर मुलाचा ओठ चिरलेला निघतो. वैद्यकाचे कोणतेही प्राथमिक पुस्तक सांगते की गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू त्यानंतर दोनतीन आठवड्यांत. म्हणजे आठव्या महिन्यातल्या त्या बाळाचा ओठ कित्येक महिन्यांपूर्वीच जुळून झालेला होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाण्यावाचून आखडून बसलेल्या त्या मुलीच्या त्रासाला मात्र कोणत्याही पुस्तकाची गरज नव्हती. ती समोर होती.

'हा विज्ञानाचा विषय, मराठीच्या बाईंनी यात का पडावे?' असे मला एका सहकाऱ्याने विचारले. माझे म्हणणे नेमके उलट आहे. हा आधी मराठीच्या बाईंचाच विषय आहे. कारण ही समजूत मुळात एक अलंकार आहे. चंद्राचा घास घेतला गेला; गोल बिंबाला खाच पडली; गर्भही गोल, पोटात वाढणारा, दर महिन्याला मोजला जाणारा; म्हणून त्यालाही खाच पडेल. चंद्र उपमान, गर्भ उपमेय, खाच हा साधारण धर्म. मेक्सिकोतही हीच समजूत आहे, तिथे गरोदर बाई ग्रहणात पोटाशी लोखंडाची पिन लावते. समुद्रापलीकडे, आपल्याशी काडीचा संबंध नसताना, त्याच आकाराकडे पाहून त्याच आकाराचे भय. म्हणजे माणसाचे मन उपमा करते, ही त्याची मोठी शक्ती. आणि उपमा केल्याचे विसरून जाते, ही त्याची मोठी आपत्ती. अलंकाराला वस्तुस्थिती समजले की काय होते हे समजावून सांगण्याचे शास्त्र कोणत्या विभागात शिकवतात? भौतिकीच्या नाही, वैद्यकाच्या नाही. आमच्या. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा यांत भेद काय यावर आम्ही पाच गुणांचा प्रश्न काढतो; पण उत्प्रेक्षेतला 'जणू' गळून पडला की एका बाईला खोलीत कोंडले जाते, हे वर्गात सांगत नाही. 'जणू' हा मराठीतला फार मोलाचा शब्द आहे. त्याचे रक्षण करणे हे मराठीच्या शिक्षकाचे पहिले काम, संमेलनांचे ठराव नंतर.

लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. ग्रहण आले, की आमच्यातल्या काहींना 'दे दान, सुटे गिराण' ही हाक आठवून उमाळा येतो. किती गेय, किती लोकमनाची वगैरे. ती हाक कोण घालत असे? गावकुसाबाहेरची माणसे, मांग आणि महार, रात्रीच्या अंधारात दारोदार फिरून. का? तर चंद्राला गिळणारा राहू त्यांच्या जातीचा, त्यांचे देणे दिले की तो चंद्राला सोडतो, अशी गावाची समजूत. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर सोसले त्यांच्याच माथी आकाशातला डागही मारायचा, आणि जुने फाटके कपडे त्यांच्या झोळीत टाकून आपण शुद्ध व्हायचे. चोखोबांचे मंगळवेढे आणि ज्या महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे ते पंढरपूर, दोन्ही आमच्याच जिल्ह्यात. इथल्या मातीत वावरून त्या हाकेतली लय तेवढी ऐकणे आणि हाक घालणाऱ्याचा घसा न ऐकणे, याला मी अभ्यास म्हणणार नाही. ती हाक बंद पडली यात काहीही हरवलेले नाही. हरवले ते एवढेच, की त्या निमित्ताने का होईना गाव दारात येऊन वर पाहत असे. आता तेही नाही.

दुसऱ्या फळीविषयीही गप्प बसणे बरोबर नाही. नरेंद्र दाभोलकरांनी या महाराष्ट्रात जे काम उभे केले आणि २० ऑगस्ट २०१३ ला ज्याची किंमत प्राणांनी दिली, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण त्यांच्या वाटेने जातो म्हणणारे अनेक जण ग्रहणाचे रूपांतर एका खाण्याच्या कार्यक्रमात करून बसले आहेत. ग्रहणकाळात पोहे खाल्ले, चहा घेतला, छायाचित्र काढले, वर्तमानपत्रात धाडले. त्या छायाचित्रांत सर्वांच्या माना खाली, बशीकडे. एकाने न खाऊन ग्रहण पाळले, दुसऱ्याने खाऊन पाळले. चंद्राकडे दोघांनीही पाठ केली. भीती घालवायला खाऊन दाखवणे कधी आवश्यक असते हे मला मान्य आहे, त्या सुनेच्या खोलीत कोणी पाण्याचा तांब्या घेऊन गेले असते तर मी त्याच्या पाया पडले असते. पण भीती गेल्यावर तिथे काय ठेवायचे? रिकामी बशी? कुतूहल ठेवायचे असेल तर गच्चीवर जावे लागेल. आणि जे गच्चीखाली बसून मोबाइलवर ग्रहणाचे थेट प्रक्षेपण पाहत होते, त्यांचे वर्गीकरण कुठे करावे हे अजून मला सुचलेले नाही.

परत आपल्या घरात येऊ, म्हणजे मराठी विभागात. चंद्राविषयी आम्ही जितके बोलतो तितके खगोलशास्त्रज्ञही बोलत नसतील. ज्ञानेश्वरीतले चंद्र आणि चकोर, पंडित कवींचे चंद्रमुख, भावगीतातली चांदरात, नवकवितेतला विद्रूप चंद्र. पदव्युत्तर वर्गात मी दरवर्षी विचारते: शुद्ध पक्षातल्या चतुर्थीचा चंद्र संध्याकाळी कोणत्या दिशेला दिसतो? पौर्णिमेचा चंद्र किती वाजता उगवतो? आश्विनाला आश्विन का म्हणतात? उत्तर क्वचित येते. (पौर्णिमेचा चंद्र त्या महिन्यात अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो म्हणून आश्विन, २०२३ च्या कोजागरीला तो तिथेच होता.) ज्या मुलांना चंद्र कधी उगवतो ते ठाऊक नाही, त्यांना चंद्राची प्रतिमा समजावून सांगणे म्हणजे नोट न पाहिलेल्याला व्याज शिकवणे. आमच्या शेजारून वाहणारी भीमा पंढरपुराशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. आषाढीला लाखो माणसे त्या नावात स्नान करतात. ते नाव ठेवणाऱ्याने आधी कोर नीट पाहिली असली पाहिजे.

'विज्ञानाने चंद्राचे काव्य मारले' हे वाक्य १९६९ पासून आमच्यात फिरते आहे. एव्हाना त्याला निवृत्तिवेतन मिळायला हवे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रात्रीच्या आकाशावर एक मराठी पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. मौज! शास्त्राच्या पुस्तकाला हे नाव द्यायला जो माणूस कचरत नाही, त्याच्याच 'भारतीय ज्योतिःशास्त्र' (१८९६) या ग्रंथाला आजही जगभरचे अभ्यासक मानतात. मराठी गद्याचा इतिहास शिकवताना निबंधमाला येते, केसरी येतो. दीक्षित येत नाहीत. माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत त्यांचे नाव एकदाही निघाले नाही. का, तर ते 'ललित' नाही. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आम्ही जयंत नारळीकरांची निवड केली, टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्या विज्ञानकथा 'विज्ञान साहित्य' नावाच्या वेगळ्या खणात ठेवून खण बंद केला. आकाशाविषयीचे मराठी हे साहित्य नव्हे, असे ज्यांनी ठरवले त्यांनी साहित्यातले आकाश आपोआप कागदाचे केले. मग 'ग्रहण लागणे' हा वाक्प्रचार कोणाच्या नोकरीला, कोणाच्या संसाराला, कोणत्या योजनेला लागतो एवढेच उरते. वर्तमानपत्रांत रोज कशाला ना कशाला ग्रहण लागते. ग्रहण सुटते, आणि ठरलेल्या मिनिटाला सुटते, ही त्यातली मुख्य गोष्ट त्या वाक्प्रचारातून केव्हाच निसटली आहे. 'ग्रहण' म्हणजे घेणे, आत्मसात करणे, हाही अर्थ आहे, ज्ञानग्रहणात आपण तो वापरतो. विद्यार्थ्यांची ग्रहणशक्ती कमी झाली अशी तक्रार करणाऱ्या सहकाऱ्यांनी ७ ऑगस्ट २०१७ ची नारळी पौर्णिमा, १६ जुलै २०१९ ची गुरुपौर्णिमा आणि २०२३ ची कोजागरी या तीन रात्री आपण कुठे होतो ते आठवून पाहावे. तिन्ही रात्री खंडग्रास ग्रहण होते. २०१९ चे तर ऐन गुरुपौर्णिमेला, मध्यरात्रीनंतर, चंद्राचा निम्म्याहून अधिक व्यास छायेत नेणारे. दिवसा गुरुजनांचे सत्कार यथासांग पार पडले होते.

अभ्यास मंडळांवर जे आहेत त्यांच्याकडे माझी मागणी लहान आहे. मराठी पदवीच्या एखाद्या सत्रात दीक्षितांच्या गद्यातली काही पाने लावा आणि अंतर्गत मूल्यमापनाचे पाच गुण चंद्राच्या नोंदवहीला द्या: महिनाभर रोज संध्याकाळी दिशा, उंची, कोरीचा आकार आणि स्वतःच्या शब्दांत चार ओळी. खर्च शून्य. विरोध होईल तो 'अभ्यासक्रमाबाहेरचे' म्हणून. तेव्हा अभ्यासक्रमातले सगळे चंद्र मोजून दाखवावेत.

आपल्याकडून दिसू शकेल असे पुढचे खंडग्रास चंद्रग्रहण ६ जुलै २०२८ ला आहे. रात्री साडेदहानंतर स्पर्श, बाराच्या सुमारास मध्य, व्यासाचा साधारण चाळीस टक्के ग्रास. तिथी आषाढ पौर्णिमा, म्हणजे पुन्हा गुरुपौर्णिमाच. ढगांची धास्ती राहील. पण सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला, इथे आषाढात ढग येतात आणि बहुधा न बरसता पुढे सरकतात, मधून मधून आभाळ उघडते. वेध दुपारीच लागतील. सत्काराचे नारळ आणि शाली घरी ठेवून झाल्या, की गच्चीवर दोन खुर्च्या टाकाव्यात, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिसरी, पाण्याच्या तांब्यासह.